दिसत नाही तिथली काटकसर

उलवे, तळोजा, खारघर. नव्या टॉवरचा ताबा मिळायला लागला की गेटबाहेर दोन प्रकारची माणसं हमखास दिसतात: खिडक्यांना जाळ्या बसवून देणारी आणि इंटिरियरचं पॅकेज विकणारी. पॅकेजचा कागद बहुतेक ठिकाणी सारखाच. वर 'टू बीएचके फुल फर्निचर', खाली यादी: किचन ट्रॉल्या, दोन वॉर्डरोब, स्टोरेजचा बेड, टीव्ही युनिट, शू रॅक, देव्हारा. शेवटी एक ठोक आकडा. नग किती, रंग कोणते, बिजागऱ्या सॉफ्ट-क्लोज आहेत की नाहीत, हे सगळं त्यात असतं. फळीच्या पोटात काय आहे ते नसतं. फार तर 'वॉटरप्रूफ मटेरियल' एवढे दोन शब्द.

फर्निचर पूर्वीसारखं टिकत नाही ही तक्रार आता घरोघर ऐकू येते. खापर कधी कारखान्यांवर फुटतं, कधी 'नव्या पिढीला दर पाच वर्षांनी बदल हवा' या समजुतीवर, तर कधी पार्टिकल बोर्ड नावाच्या बिचाऱ्या वस्तूवर. मला ही तिन्ही कारणं अपुरी वाटतात. सुताराच्या धंद्यात काटकसर कायमच होती. ती नसती तर मध्यमवर्गाच्या घरात खुर्ची आलीच नसती. बदललं आहे ते काटकसरीचं ठिकाण. पूर्वी ती गिऱ्हाईकाच्या डोळ्यांदेखत व्हायची. सागवान परवडत नसेल तर आंबा किंवा फणस घ्यायचा, कोरीवकाम नको, पॉलिशऐवजी रंग चालेल. आता ती अशा जागी होते जिथे घेणाऱ्याची नजर पोचत नाही. दिसणारा भाग दरवर्षी अधिक देखणा होतोय आणि न दिसणारा दरवर्षी पातळ.

हे जवळून पाहायचं असेल तर तीन-चार पावसाळे काढलेल्या स्वयंपाकघरातलं सिंकखालचं कपाट उघडावं. दार बाहेरून अजून आरशासारखं चकचकीत असतं. आतलं खोकं बहुधा अठरा एमएमच्या प्रीलॅमिनेटेड पार्टिकल बोर्डचं. लाकडाचा चुरा, त्यात युरिया फॉर्मल्डिहाइडचा चिकट, उष्णता आणि दाब. दोन्ही बाजूंना छापील कागदाचं कातडं आणि कडांना पीव्हीसीची बारीक पट्टी. कोरड्या जागी हा बेत ठीक चालतो. पण सिंकखाली पाइप काढायला मिस्त्री भोक पाडतो आणि त्या भोकाची कड तशीच उघडी राहते. तिला पट्टी लावायची म्हटलं तर अर्धा तास जातो, आणि पॅकेजच्या हिशोबात त्या अर्ध्या तासाला रकाना नाही. पाइपच्या जोडातून थेंब झिरपतो, बोर्ड तो पितो आणि दाबून बसवलेला चुरा फुगतो. वाळल्यावर तो पुन्हा मूळ जाडीला येत नाही. फुगलेल्या जागी स्क्रूची पकड सुटते, बिजागरी लोंबते, दार खालच्या फळीला घासायला लागतं. मिस्त्री येतो, बिजागरी दोन इंच वर सरकवतो, नवं भोक पाडतो. पुढच्या खेपेला आणखी दोन इंच. तिसऱ्या खेपेला जागाच उरत नाही.

भरीव लाकडात सैल झालेल्या भोकात आगकाडी आणि फेविकॉल भरून त्याच जागी पुन्हा स्क्रू पिळता येतो. हा जुना इलाज बोर्डात फार दिवस धरत नाही, कारण स्क्रूला धरून ठेवणारे लाकडाचे धागेच तिथे नसतात. म्हणजे बोर्ड नुसता कमकुवत आहे एवढाच प्रश्न नाही. दुरुस्तीची संधीच तो एकदा किंवा दोनदा देतो.

आता कपाटाची पाठ पाहा. दुकानात कपाट भिंतीला टेकवलेलं असतं, त्यामुळे पाठीकडे कोणी पाहत नाही. खरं तर कपाट सरळ उभं राहतं ते पाठीच्या जोरावर. चार फळ्या कोपऱ्यांत जोडल्या की चौकट होते; ती चौकट गुण्यात ठेवायचं, म्हणजे काटकोनातून हलू न देण्याचं काम पाठ करते. पाठ सहा एमएमची असेल आणि खाचेत बसवलेली असेल तर कपाट सरकवलं तरी कुरकुरत नाही. तीच तीन एमएमची असेल आणि मागून नुसती पिना मारून ठोकली असेल, तर पहिल्याच शिफ्टिंगमध्ये कपाट तिरकं होतं आणि मग दोन दारं एकमेकांशी कधीच जुळत नाहीत. पाठीवर वाचलेले पैसे अगदी थोडे असतात, पण दोनशे फ्लॅटच्या टॉवरमध्ये पॅकेजवाल्याला ते थोडे राहत नाहीत.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर हा लेख 'आमच्या वेळी' या वळणावर जाईल. जुनं ते सगळं टिकाऊ होतं हा आपला भ्रम आहे, आणि त्याचं कारण साधं आहे: जे टिकलं तेच आज आपल्यासमोर आहे. आजोबांचं सागवानी कपाट आपण दाखवतो. त्याच काळात गिरणगावातल्या खोल्यांमध्ये देवदारी खोक्यांची मांडण्या-स्टुलं होती. ती कधीच बंबात गेली, म्हणून त्यांचे गोडवे गायला कोणी उरलं नाही. शिवाय सागवानी कपाट कोणाकडे होतं? ज्याच्याकडे पिढ्यान्पिढ्या एकच घर होतं आणि सुताराला महिनाभर अंगणात बसवून घ्यायची ऐपत होती त्याच्याकडे. ते सागवान आलं जंगलातून. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीवर आणि बेकायदा आरागिरण्यांवर निर्बंध आणले. पुढे देशातला प्लायचा धंदा मोठ्या प्रमाणावर शेताच्या बांधावर वाढणाऱ्या पॉप्लर आणि निलगिरीकडे वळला. हरियाणातलं यमुनानगर त्याचं मोठं केंद्र आहे. प्रत्येक फ्लॅटमध्ये बर्मा किंवा बल्लारपूरचा साग हवा असा हट्ट धरला तर जंगलं पुरणार नाहीत, आणि पुरावीत अशी माझी इच्छाही नाही. चुऱ्यापासून फळी करणं ही मुळात अक्कलहुशारीची गोष्ट आहे.

कारखानाही आरोपी नाही. याला दोन पुरावे आहेत, आणि दोन्ही मुंबईकराच्या रोजच्या पाहण्यातले. पहिला इराण्याच्या हॉटेलातला. धोबीतलावची कयानी १९०४ सालची. अशा हॉटेलांत दिसणाऱ्या गोलाकार पाठीच्या वाकवलेल्या लाकडी खुर्च्यांचं घराणं व्हिएन्नाच्या मायकेल थोनेटपर्यंत जातं. त्याची १४ नंबरची खुर्ची १८५९ ची. वाफेवर वाकवलेले लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटे भाग करून छत्तीस खुर्च्या एक घनमीटर पेटीत मावत आणि ज्या गावी पोचत तिथे जोडल्या जात. आज आपण फ्लॅटपॅक म्हणतो ते सगळं तिच्यात होतं: थोडं लाकूड, कमी सांधे, स्वस्त वाहतूक, ठरावीक नमुना. तरीही ती टिकली. थोनेटने नको असलेलं लाकूड काढून टाकलं. भार घेणारं लाकूड तसंच ठेवलं. स्क्रू सैल झाला तर पाना घेऊन वेटरनेही आवळावा, इतकी ती सोपी. काटकसर पुरेपूर होती, आणि ती झाकलेली नव्हती.

दुसरा पुरावा गोदरेजच्या कपाटाचा. १९२३ मध्ये गोदरेजने पत्र्याची कपाटं करायला घेतली, आणि पुढच्या काही दशकांत मराठी लग्नाच्या यादीत 'गोदरेजचं कपाट' ही एक स्वतंत्र ओळ झाली. ती कारखान्यातलीच, साच्यातली, एकासारखं एक. तीन पिढ्यांनी वापरून, रंगाचे पोपडे निघून, आरसा तडकूनही चालू राहिलेली कपाटं वाशीच्या जुन्या सेक्टरांत अजून कितीतरी आहेत. मात्र पत्र्याच्या कपाटांच्या एकूण बाजारातही पुढे तोच खेळ सुरू झाला. स्थानिक दुकानात गेलात तर विक्रेता गेजची भाषा बोलतो. वीस गेजचा पत्रा साधारण ०.९ मिलिमीटर जाडीचा, चोवीस गेजचा ०.६. आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, आणि हे माहीत नसलेल्या गिऱ्हाइकाला चोवीस हा वीसपेक्षा वरचा माल वाटणं अगदी स्वाभाविक आहे. दोन्हींवर पावडर कोटिंग सारखंच गुळगुळीत. दार अंगठ्याने दाबून पाहिलं की फरक कळतो, पण अंगठा कोण लावतो?

इथे अर्थशास्त्रातला एक जुना निबंध आठवतो. जॉर्ज अकरलॉफने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराबद्दल लिहिलं होतं. त्या विषयावरच्या कामासाठी त्याला २००१ मध्ये नोबेल मिळालं. मुद्दा असा: विकणाऱ्याला मालाची प्रत ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात घेणारा कुठल्याही मालाला सरासरी भाव देतो. त्या भावात चांगला माल देणं परवडत नाही. चांगला माल देणारा बाहेर पडतो, सरासरी आणखी खाली येते, भावही खाली येतो. कोणी मुद्दाम लबाडी केली पाहिजे असंही नाही. नवी मुंबईतला पॅकेजचा बाजार नेमका या वळणावर आहे. मरीन प्लाय वापरणारा प्रामाणिक मिस्त्री आणि सर्वांत स्वस्त प्लाय वापरणारा ठेकेदार यांची दोन कपाटं ताब्याच्या दिवशी शेजारी ठेवली तर सनमायकाच्या वरून दोन्ही सारखीच दिसतात. एकाचा दर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असतो. काम कोणाला मिळतं हे सांगायला नको.

प्लायमध्ये झाकता येण्यासारखं किती काही असतं, याची बहुतेकांना कल्पना नसते. आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तिचे थर सुटतात का ते तपासतात. बाजारात 'कमर्शियल' म्हणून मिळणारी एमआर प्लाय दमट हवेला तोंड देते, पाण्याला नाही. बोलण्यात मात्र दोन्ही वॉटरप्रूफच. अठरा एमएम सांगून सोळा-सतरा भरणारा माल इतका रुळला आहे की धंद्यात त्याला 'अंडरसाइज' असं नावच आहे. आतल्या थरांमध्ये फटी राहिल्या तर ती जागा स्क्रूला धरत नाही, आणि फट कळते ती कापल्यावरच. सनमायका एक एमएमचा की ०.७२ चा, हे चिकटवल्यावर कोणाच्या बापालाही सांगता येत नाही. एकेका ठिकाणी वाचतात ते चार-दोन टक्के. सगळं जमेस धरलं तर वीस वर्षांचं कपाट सहा वर्षांवर येतं.

यावर ठेकेदारांकडून एक उत्तर येतं आणि ते पोकळ नाही. लोकांनाच स्वस्त हवं असतं, ते म्हणतात. घराचा हप्ता, जीएसटी, स्टॅम्प ड्युटी भरून माणूस आमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या खिशात उरतंच काय? खरं आहे. ज्याच्याकडे एकरकमी पैसे नाहीत त्याला टिकाऊ माल घ्यायचा सल्ला देणं सोपं आहे. समजा एक कपाट वीस हजारांचं आणि सहा वर्षं टिकणारं, दुसरं पंचेचाळीस हजारांचं आणि पंचवीस वर्षं टिकणारं. चोवीस वर्षांत पहिला गडी चार कपाटं घेईल आणि ऐंशी हजार मोजेल. गरिबाला महाग पडतं ते असं. पण माझा आक्षेप वीस हजारांच्या कपाटाला नाहीच. ते सहा वर्षांचं आहे हे ठाऊक असून कोणी घेत असेल तर त्याचा व्यवहार चोख आहे. आक्षेप आहे तो सहा वर्षांचं कपाट पंचवीस वर्षांच्या चेहऱ्याने विकण्याला, आणि बरेचदा पस्तीस हजारांना.

दुसरा युक्तिवाद भाडेकरूंचा. ऐरोली-घणसोलीतल्या आयटी कंपन्यांत काम करणारी मुलं अकरा महिन्यांच्या करारावर राहतात, उद्या पुण्याला किंवा बंगळूरला जातात. त्यांना आयुष्यभराचं फर्निचर कशाला? हे मला उलटं वाटतं. जो वारंवार घर बदलतो त्याला वारंवार खोलून जोडता येणारं फर्निचर लागतं, आणि बोर्डातले स्क्रू नेमकी तीच गोष्ट सहन करत नाहीत. थोनेटची खुर्ची खऱ्या अर्थाने भाडेकरूची होती. आजचा बोर्डाचा बेड एकदा जोडला की तिथेच राहायचा. पॅकर्स-मूव्हर्सने तो दुसऱ्यांदा जोडला की करकर सुरू, तिसऱ्यांदा घरमालकालाच भेट.

तुर्भ्याला आयकिया आहे. १८ डिसेंबर २०२० ला ते दुकान उघडलं आणि तेव्हापासून 'ते काय, सगळं कागदाचं' हे वाक्य नवी मुंबईत फॅशनसारखं फिरतंय. त्या कंपनीची वकिली करायला मी बसलेलो नाही. पातळ बोर्ड जगभर रूढ करण्यात तिचा वाटा मोठा आहे. १९७९ पासून चालत आलेल्या तिच्या बिली नावाच्या पुस्तकांच्या कपाटातही लाकडी पापुद्र्याची जागा अलीकडे कागदी फॉइलने घेतली, यावर तिचे जुने गिऱ्हाईकही कुरकुरले. पण मालाच्या माहितीत 'पार्टिकल बोर्ड, पेपर फॉइल' असं ती छापते. कागदाचं आहे हे आपल्याला कळलं ते तिनेच सांगितलं म्हणून. गेटबाहेरच्या पॅकेजवाल्याच्या कागदावर एवढं तरी असतं का? स्वस्त वस्तू उघडपणे स्वस्त म्हणून विकणाऱ्याला आपण हसतो आणि तोच माल 'प्रीमियम इंटिरियर' म्हणून घरात ठोकून जाणाऱ्याला चहा देतो.

मालाची खरी प्रत शेवटी भंगारवाला सांगतो. त्याच्यापाशी रंग, ब्रँड, सॉफ्ट-क्लोज काही चालत नाही. सिडकोची स्थापना १९७० ची; तिने वसवलेल्या वाशीतल्या जुन्या इमारतींपैकी कित्येक आता धोकादायक ठरून पुनर्विकासाला निघाल्या आहेत. घरं रिकामी होताना जिन्याखाली काय काय येऊन पडतं ते पाहण्यासारखं असतं. लोखंडी कपाट किलोवर जातं. सागवानी पलंगाच्या पाट्या कोणीतरी हौसेने उचलतो. बोर्डाच्या वॉर्डरोबला भंगारवाला हात लावत नाही. वर तो न्यायचे पैसे मागतो. चिकटाने भरलेला तो चुरा चुलीत घालण्यासारखा नसतो, आणि रंधा मारून त्याचं दुसरं काही करताही येत नाही. मग तो पालिकेच्या गाडीत जातो. स्वच्छतेच्या क्रमवारीत सतत वर राहणाऱ्या या शहराचा हा कचरा घरं सजवण्यातूनच तयार होतो, आणि त्याचा खर्च पॅकेजच्या आकड्यात कुठेही धरलेला नसतो.

सोबत एक कसबही चाललं आहे. खाच पाडून त्यात कूस बसवणारा, पटाशी आणि रंधा चालवणारा सुतार सांधा दुरुस्त करू शकत होता, कारण तो त्यानेच केलेला असायचा. आज साइटवर राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेली मुलं कापायचं, चिकटवायचं आणि पिना मारायचं काम दिवसाच्या बोलीवर उरकतात. हात त्यांचेही चांगले आहेत. पण ज्या सांध्याला वेळ लागतो त्याचे पैसे कोणी देत नाही, म्हणून तो सांधा शिकायचं त्यांना कारणच उरलेलं नाही.

मग करायचं काय? उपदेशाने बाजार सुधारत नाही. झाकलेलं उघडं करायला लावलं की थोडा सुधारतो. याचा अनुभव याच शहराला घरांच्या बाबतीत आहे. पूर्वी फ्लॅट सुपर बिल्ट-अपवर विकला जायचा, आणि हजार फुटांच्या घरात सहाशे फूट शोधत माणूस फिरायचा. रेरा कायद्याने कार्पेट एरिया सांगणं बंधनकारक केलं. घरं स्वस्त झाली नाहीत, पण आपण किती फूट घेतोय हे तरी कळायला लागलं. फर्निचरलाही तेच हवं. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये खुर्च्या, टेबलं, कपाटं आणि पलंग यांच्यासाठी मानकं केली आहेत. त्यांत मजबुती, टिकाऊपणा आणि स्थैर्याच्या चाचण्या आहेत. हे कारखान्याच्या मालाला लागू करता येईल. फ्लॅटमध्ये बसून ठोकलेल्या कपाटावर छाप कोण मारणार? आणि आपल्याकडे बरंचसं फर्निचर अजून तसंच बनतं. केंद्राने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं. फर्निचर त्यात नाही. फोनपेक्षा कपाट जास्त वर्षं वापरायचं असतं, हे त्या यादीवरून कळत नाही.

सरकारची वाट न पाहता एक गोष्ट नव्या सोसायट्यांना करता येईल. दोनशे कुटुंबं एकाच महिन्यात ताबा घेतात, त्याच पॅकेजवाल्यांशी वेगवेगळी घासाघीस करतात आणि दोनशे वेळा फसतात. त्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झुंबरांचे फोटो टाकण्याआधी एक कागद तयार करावा: खोक्याची फळी कोणत्या आयएसची, प्रत्यक्ष मोजलेली जाडी किती, पाठ किती एमएमची आणि खाचेत आहे की पिनांवर, पाइपची भोकं बंद करणार की नाही, बिजागरी पुन्हा बसवता येईल का. जो हे लिहून सही देईल त्यालाच सोसायटीच्या गेटमधून आत सोडावं. प्लायचा एक कापलेला तुकडा मागून घरात ठेवावा आणि शेवटचा हप्ता एक पावसाळा संपल्यावर द्यावा. ठेकेदार कुरकुर करतील. चांगले मिस्त्री करणार नाहीत, कारण आजवर त्यांचाच दर नाकारला जात होता.

रेरा कायद्यानुसार बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षं बिल्डरवर असते. त्याच भिंतीला ठोकलेल्या कपाटाची हमी पॅकेजच्या कागदावर बहुधा एक वर्षाची असते, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: पाणी, ओलावा आणि वाळवी वगळून. नवी मुंबईत या तीन गोष्टी वगळल्या तर हमी कशाची राहते, हे सही करण्याआधी विचारा.